रेडिओची पेटी : पॉलिश लाखेचे की कापसाचे?

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळा रिकामा केला जातो. पितळी डबे, वापरातून गेलेला तराजू, आजोबांच्या काळातील खतावण्या आणि लेकरांचा लाकडी पाळणा यांच्याबरोबर एक जड, चौकोनी वस्तू खाली उतरते. धूळ झटकली की काचेमागचे मीटरबँडचे आकडे दिसू लागतात, दोन गोल बटणे हाताला लागतात आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती क्षणभर थबकते. सोलापूरच्या नव्या पेठेत, चाटी गल्लीत किंवा मंगळवार पेठेतील जुन्या व्यापारी घरांत हा प्रसंग नवा नाही. घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आलेला असतो. त्याचे आता काय करावे, हा प्रश्न मात्र दरवर्षी तसाच राहतो आणि रेडिओ पुन्हा माळ्यावर जातो.

हिशेबाच्या वहीत या वस्तूचे मूल्य शून्य आहे. घसारा धरला तर ते कित्येक दशकांपूर्वीच संपले. तरीही तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवताना हात अडखळतो. याचे कारण त्या पेटीने घराला काय काय ऐकवले, यात आहे.

पेटीने ऐकलेला काळ

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि देशातील नियमित प्रसारणाला आरंभ झाला. १९३६ मध्ये त्या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. त्याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर गीतरामायण प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत ऐकण्यासाठी ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. दुकानदारासाठी तर बातम्या आणि बाजारभाव हे रेडिओचे पहिले काम, करमणूक त्यानंतर.

त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे. टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट व शिक्का घ्यावा लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. ज्या घरांत ती पुस्तिका अजून सापडते, तेथे ती रेडिओसोबतच जपावी. रेडिओ कोणाच्या नावावर होता आणि कोणत्या वर्षी घरात होता, याची ती पक्की नोंद असते.

ठाण्याच्या कारखान्यातील मर्फी, मुंबईची नॅशनल एको, कोलकात्याहून येणारा फिलिप्स, शिवाय बुश, जी.ई.सी., एच.एम.व्ही. ही नावे तेव्हा घरोघरी माहीत होती. मर्फीच्या जाहिरातीतील बाळ तर रेडिओ नसलेल्यांच्याही ओळखीचे होते. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ खिशात मावू लागला आणि लाकडी पेटी आधी कोपऱ्यात, मग माळ्यावर गेली.

घाईचे दोन निर्णय

माळ्यावरून उतरलेल्या रेडिओबाबत दोन निर्णय घाईने घेतले जातात. पहिला भंगाराचा. त्याविषयी अधिक सांगायला नको. दुसरा निर्णय प्रेमापोटी घेतला जातो आणि बहुधा त्यानेच वस्तूचे अधिक नुकसान होते. घरात फर्निचरचे काम चालू असते. ‘एवढा रेडिओही घासून चकचकीत करून द्या,’ असे सुताराला सांगितले जाते. सुतार सागवानी दार घासतो तसेच यंत्र पेटीवर फिरवतो आणि दहा मिनिटांत न भरून येणारी हानी होते.

ती का होते, हे पेटीची रचना पाहिली की कळते. पेटी अखंड लाकडाची नसते. आत साधे लाकूड किंवा प्लायवुड असते आणि वर अक्रोड, महोगनी किंवा सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्याला व्हीनियर म्हणतात. त्याची जाडी अनेकदा एक मिलिमीटरही भरत नाही. कडांच्या गोलाईवर तर तो आणखी नाजूक असतो. यंत्राच्या घासणीत तो उडाला की खालचे निस्तेज लाकूड उघडे पडते. मग रंग देण्याखेरीज उपाय राहत नाही.

काही पेट्यांवर दिसणारा गडद तपकिरी पट्टा हा लाकडाचा मूळ रंगच नसतो. कारखान्यात रंग मिसळलेले पारदर्शक लेपन कडांवर फवारून तो उठाव आणलेला असतो. वरचा थर काढला की पट्टाही जातो. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी पेटीची चारही बाजूंनी, चांगल्या उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे रंग जुळवताना तीच साक्षीला उभी राहतात.

चपड्याच्या कपात काय असते?

आता मुख्य प्रश्न. बाजारात ‘पॉलिश’ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या चपड्याचे पॉलिश समोर येते. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवायचा, सुती कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. झळाळी सुंदर येते. हा चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख होय.

लाख हा झाडाचा डिंक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणारा एक अतिसूक्ष्म कीटक स्वतःच्या अंगातून ही राळ स्रवतो आणि तिच्या कवचाखाली राहतो. झारखंड व छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात लाखेचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये याच विषयासाठी संशोधन संस्था स्थापन झाली. पीक आले की फांद्या तोडतात, राळ खरवडतात, कुटतात, धुतात आणि वितळवून गाळतात. कवचात राहिलेले कीटक आणि अंडी या क्रियांत मरतात. धुताना पाण्याला येणारा लाल रंग कीटकांच्या शरीरातलाच असतो. एक किलो राळेमागे सुमारे ३ लाख कीटक, हा अंदाज सामान्यतः दिला जातो.

जैन आचारग्रंथांना ही गोष्ट फार पूर्वीच ठाऊक होती. श्रावकाने टाळावयाच्या १५ व्यवसायांत, म्हणजे कर्मादानांत, लाक्षावाणिज्य स्पष्ट नावानिशी येते. उपासकदशांग सूत्रात ही यादी आहे, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आहे आणि तेराव्या शतकातील पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही त्या व्यवसायांचा उल्लेख येतो. दिगंबर असो वा श्वेतांबर, व्यापारी घराला हा निषेध परका नाही. तरीही लाख रोजच्या व्यवहारात नकळत येत राहिली. टपालाच्या विमा पाकिटांवर आणि रोकडीच्या पिशव्यांवर लाखेची मोहर असे. प्लॅस्टिकच्या तबकड्या येण्यापूर्वी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्याच्याच मिश्रणाच्या होत्या. आजही काही गोळ्या-चॉकलेटांवर व औषधी गोळ्यांवर चकाकीसाठी चपड्याचा लेप असतो. वेष्टनावर तो ९०४ या क्रमांकाने ओळखता येतो.

लाखेला पर्याय शोधण्याच्या धडपडीतूनच रेडिओची दुसरी पेटी जन्मली, हे येथे सांगण्यासारखे आहे. विद्युत उपकरणांत निरोधक म्हणून लाखेची मागणी वाढली, तेव्हा लिओ बेकेलँड या रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम चपडा बनवण्याच्या हेतूने प्रयोग आरंभले आणि १९०७ मध्ये बेकेलाइट हाती आले. तपकिरी, गुळगुळीत, ठोकल्यास टणक आवाज देणाऱ्या पेट्या त्याच्या असतात. घरातला रेडिओ तसा असेल तर त्याला लाकडाचे पॉलिश मुळीच लावू नये. ओलसर कापडाने पुसून कोरडा करावा, एवढे पुरे.

मूळ लेपन कापसाचे

मग लाकडी पेटीचे काय? जुन्या वस्तूचे मूळ रूप जपायचे तर चपडाच लावला पाहिजे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा युक्तिवाद बहुतेक रेडिओंच्या बाबतीत वस्तुस्थितीला धरून नाही.

१८४६ मध्ये श्योनबाइन या शास्त्रज्ञाला कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून एक नवा पदार्थ मिळाला. तोच नायट्रोसेल्युलोज. प्रथम तो स्फोटक म्हणून गाजला. पुढे तो द्रावकात विरघळवून झटपट वाळणारे लॅकर बनवता आले. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीचे ‘ड्युको’ लॅकर मोटारींवर वापरले जाऊ लागले आणि रंगकामाला लागणारे आठवडे काही तासांवर आले. रेडिओचे कारखाने त्याच सुमारास वाढत होते. हाताने चपडा चोळत बसण्याइतकी सवड कारखान्याला नव्हती. फवाऱ्याने मारता येणारे आणि तासाभरात हाताळता येणारे लॅकर त्यांनी स्वीकारले. त्यामुळे १९३० ते १९५० च्या दशकांतील कारखान्यात बनलेल्या बहुसंख्य लाकडी रेडिओंचे मूळ लेपन नायट्रोसेल्युलोज लॅकरचे, म्हणजे मुळात कापसाचे आहे. पुढे कोण्या सुताराने वरून चपडा चढवला असेल, तर ती नंतरची भर.

कापसाच्या गिरण्यांनी वाढवलेल्या सोलापूर शहराला याचे विशेष समाधान वाटावे. येथे मूळ रूप जपणे आणि अहिंसेचा आग्रह राखणे यांत विरोध नाही. दोहोंचे उत्तर एकच येते. लाखेच्या पिकावर वनवासी कुटुंबांची उपजीविका चालते आणि त्या निमित्ताने पळस-कुसुमाची झाडेही राखली जातात, ही दुसरी बाजू आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या घरातील वस्तूवर काय लावावे, हा निर्णय आपला आहे, आणि तो माहितीच्या आधारे घेता येतो.

पेटीवर नेमके काय आहे, हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. तळाच्या किंवा मागच्या न दिसणाऱ्या कडेवर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट टेकवावा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर तो चपडा. फारसा परिणाम झाला नाही, तर त्याच रीतीने एन.सी. थिनर लावून पाहावा. त्याने विरघळला तर लॅकर. दोहोंनाही दाद दिली नाही, तर ते तेलाचे वॉर्निश किंवा अलीकडचे एखादे टणक लेपन समजावे.

कामाचा क्रम

सर्वप्रथम विजेविषयी. पन्नास-साठ वर्षे बंद असलेला रेडिओ ‘चालतो का पाहू’ म्हणून प्लगमध्ये लावू नये. आतले जुने कपॅसिटर निकामी झालेले असतात आणि त्यातून आग लागू शकते. काही संचांत आतल्या धातूच्या सांगाड्यातच वीज उतरते. यंत्राचे काम जाणकार दुरुस्ती कारागिराकडेच द्यावे. पेटीसाठी त्याच्याकडूनच आतला सांगाडा, स्पीकर व बटणे काढून घ्यावीत. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवून वर नाव लिहावे. केंद्रांच्या आकड्यांची काच पाण्याने धुऊ नये. अक्षरे काचेच्या मागच्या अंगाला छापलेली असतात आणि एका पुसण्यात निघून जातात. कंपनीच्या नावाचे पितळी किंवा छापील चिन्ह असेल तर तेही सांभाळावे.

मेजावर जुनी सोलापुरी चादर दुहेरी अंथरून त्यावर पेटी ठेवावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ती पुसावी व लगेच कोरडी करावी. अनेक पेट्या एवढ्यानेच उजळतात. पन्नास वर्षांच्या उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातील तेलाची वाफ आणि धूळ यांचा थर हाच पुष्कळदा ‘गेलेले पॉलिश’ म्हणून ओळखला जातो. लेपन शाबूत असेल तर येथेच थांबावे. मूळ थराची सर कोणत्याही नव्या थराला येत नाही आणि संग्राहकही मूळ थर असलेल्या पेटीला अधिक मान देतात.

लॅकरला केवळ बारीक भेगा पडल्या असतील, तर पातळ थिनरचा हलका हात देऊन तोच थर पुन्हा एकसंध करता येतो. तेही शक्य नसेल तेव्हाच जुना थर काढावा. थिनर किंवा पेंट रिमूव्हर लावावा, थर मऊ झाला की बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरकवावा. यंत्र वापरू नये.

व्हीनियर कोठे सुटले असेल तर ते आता चिकटवावे. जुन्या पेट्यांत सरस वापरलेला असे. तो जनावरांची हाडे व कातडी उकळून केला जातो. त्याऐवजी लाकडासाठी मिळणारा पांढरा कृत्रिम गोंद उत्तम काम देतो. बारीक सुईच्या पिचकारीने तो आत सोडावा, वर मेणकागद व सपाट फळी ठेवून रात्रभर दाब द्यावा. त्यानंतर २२० व मग ३२० क्रमांकाचा पॉलिश पेपर हातानेच, रेषांच्या दिशेने, हलकेच फिरवावा. कडांवर तर दोन-चार हातांपेक्षा अधिक नको.

महोगनी व साग यांची छिद्रे मोठी असतात. ती भरली नाहीत तर पृष्ठभाग आरशासारखा होत नाही. खडूची बारीक पूड, लाकडाच्या छटेला जुळणारी गेरू किंवा पिवळी माती आणि थोडे अळशीचे तेल यांची लापशी रेषांना आडवी चोळून भरावी आणि उरलेली पुसून टाकावी. ही तेलकट फडकी गोळा करून ठेवू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात भिजवून, पसरून वाळवावीत. भरलेली पेटी काही दिवस पूर्ण वाळू द्यावी.

मग एन.सी. सीलरचे दोन फवारे द्यावेत, ते हलके घासावेत आणि त्यावर एन.सी. क्लिअर लॅकरचे तीन ते पाच पातळ थर द्यावेत. दोन थरांत अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. एक जाड थर देण्यापेक्षा चार पातळ थर केव्हाही चांगले. फवाऱ्याने ब्रशचाही प्रश्न सुटतो, कारण पारंपरिक ब्रश बहुधा डुकराच्या केसांचे असतात. डबा घेताना ‘लाखमिश्रित आहे का?’ असे दुकानदाराला विचारून, वेष्टन वाचून घ्यावे. थिनरचा वास नको असेल तर पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक लेपनही मिळते. त्याची छटा किंचित थंड वाटते, इतकेच.

दोन आठवडे थांबून १००० क्रमांकाच्या पेपरने पाण्यासह हळुवार घासावे, रबिंग कंपाउंडने चमक आणावी आणि शेवटी मेणाचा हात द्यावा. मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नोबा मेण निवडावे. ते ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते आणि अधिक टणकही असते.

ऋतू आणि जागा

लॅकरला दमट हवा सोसत नाही. पावसाळी दिवशी फवारले तर थरात ओलावा अडकून पांढुरकी साय धरते. उलट सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात फवारा पृष्ठभागाला टेकण्यापूर्वीच वाळतो आणि खरखरीत होतो, शिवाय धूळ बसते ती वेगळीच. दिवाळीनंतरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे, सौम्य दिवस या कामाला सर्वांत योग्य आहेत. दिवाळीत रेडिओ माळ्यावरून उतरवावा आणि सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत पेटी तयार व्हावी, असा हिशेब छान बसतो.

जागा मात्र मोकळी व हवेशीर हवी. नायट्रोसेल्युलोज अतिशय ज्वालाग्राही आहे. जवळ गॅस, समई, उदबत्ती किंवा निरांजन नसावे, नाकाला योग्य मास्क असावा आणि मुलांना दूर ठेवावे. ज्यांना हे सारे जमणार नाही, त्यांनी काम कारागिरालाच द्यावे. पण त्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात : यंत्राने घासायचे नाही, चपडा व सरस वापरायचा नाही, आणि मूळ छटा छायाचित्राबरहुकूम ठेवायची.

स्पीकरवरचे कापड जीर्ण झाले असेल तर बदलावे, पण जुन्याचा तुकडा नमुना म्हणून ठेवावा. आवाज आरपार जावा म्हणून हे कापड विरळ विणीचे असते. विणकरांच्या शहरात तशा पोताचा सुती तुकडा शोधणे अवघड नाही.

जमाखर्चाच्या पलीकडे

या कामाचा खर्च आणि रेडिओला बाजारात मिळणारी किंमत यांचा ताळेबंद मांडला तर तो नेहमीच नफ्याचा निघेल असे नाही. विकण्यासाठी म्हणून हे काम करू नये. ज्या समाजाने सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघ व जीवराज जैन ग्रंथमालेच्या रूपाने जीर्ण पोथ्यांतील ग्रंथ संपादून छापले, त्याला जुन्या वस्तूचे मोल बाजारभावाखेरीज अन्य मापानेही मोजता येते. नव्या मंदिराइतकेच किंबहुना अधिक पुण्य जीर्णोद्धाराचे मानणारी ही परंपरा आहे. रेडिओ ही काही पूज्य वस्तू नव्हे. पण आहे ते सांभाळावे, नको तेवढे नवे घेऊ नये, हा अपरिग्रहाचा विचार तिलाही लागू पडतो.

सुटीत आजोबांच्या शेजारी बसून नातवंडाने एका फडक्याने पेटीची एक कड पुसली आणि धुरकट थराखालून अक्रोडाच्या रेषा उजळताना पाहिल्या, तर ‘हे चकाकणारे कशापासून बनते?’ हा प्रश्न ते विचारणारच. त्या प्रश्नाचे खरे उत्तर घरात कोणाला तरी देता आले पाहिजे.